अयनांश

अयनांश : वसंतसंपातापासून मोजलेला खस्थ ज्योतीचा भोग आणि राशिचक्राच्या स्थिर मानलेल्या आरंभबिंदूपासून मोजलेला भोग यांतील अंतर. सूर्याच्या भासमान वार्षिक मार्गास क्रांतिवृत्त म्हणतात. त्यावरून पूर्वेकडे मोजलेले कोनात्मक अंतर म्हणजे भोग व त्यास लंब दिशेने मोजलेले अंतर म्हणजे शर. फलज्योतिषात ग्रहाची राशी, नक्षत्र व चरण ही भोगावरून ठरवितात. त्यामुळे भोग कोठून मोजावयाचा, हा प्रश्न मूलभूत ठरतो.

क्रांतिवृत्त व वैषुविकवृत्त यांच्या ज्या छेदनबिंदूशी सूर्य २१ मार्चच्या सुमारास येतो तो वसंतसंपात होय. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे हा बिंदू ताऱ्यांच्या संदर्भात दरवर्षी सु. ५०·३ विकला पश्चिमेकडे सरकतो. १° सरकण्यास त्याला सु. ७२ वर्षे लागतात. चल संपातापासून केलेल्या गणनेस सायन आणि स्थिर बिंदूपासून केलेल्या गणनेस निरयण म्हणतात. पाश्चात्त्य फलज्योतिषात बहुधा सायन, तर भारतात बहुधा निरयण पद्धती रूढ आहे. सायन भोगातून अयनांश वजा केले म्हणजे निरयण भोग मिळतो. उदा., १४ जानेवारीच्या सुमारास सूर्याचा सायन भोग सु. २९४° असतो, त्यातून २४° वजा करता २७०° उरतात व निरयण मकर संक्रमण होते. सायन मकर संक्रमण २२ डिसेंबरच्या सुमारासच झालेले असते.

स्थिर आरंभबिंदूविषयी मतैक्य नाही. गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवात (१५२०) शके ४४४ हे शून्यायनांश वर्ष धरून वार्षिक गती ६० विकला घेतली आहे; ती प्रत्यक्षाहून अधिक असल्याने चूक कालांतराने वाढत जाते. महाराष्ट्रात वेंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याचा भोग १८०° मानणारा चित्रापक्ष पुरस्कारिला, तर लोकमान्य टिळकांनी रेवतीच्या योगताऱ्यापासून आरंभ मानणारा रैवतपक्ष उचलून धरला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षाशी जुळणारे २३° १५' हे अयनांश २१ मार्च १९५६ साठी निश्चित केले. २०२५ च्या आरंभी ते सु. २४° १२' होते. रैवतपक्षाचे अयनांश याहून सु. ४° कमी असल्याने टिळक पंचांगातील मकर संक्रमण सु. चार दिवस आधी येते.

हा फरक फलितात लहान राहत नाही. नक्षत्राचा चरण ३° २०' एवढाच असल्याने दोन पक्षांत जन्मचरण व त्यानुसार येणारे नावाचे आद्याक्षर बदलते. विंशोत्तरी दशेत चंद्राने आक्रमिलेल्या नक्षत्रभागावरून दशेचा शेष काल काढतात. नक्षत्राचा विस्तार १३° २०' व शुक्राची दशा २० वर्षांची असते. म्हणून चंद्र दोन्ही पक्षांनी भरणी नक्षत्रातच आला, तरी ४° फरकामुळे शेष कालात सहा वर्षांचे अंतर पडते. चंद्राचे आकाशातील स्थान मात्र दोन्ही गणनांत एकच असते. ते वेधाने पडताळता येते. आरंभबिंदू कोणता घ्यावा हा संकेताचा प्रश्न असून त्याचा निर्णय वेधाने होत नाही.