सहजानंद सरस्वती, स्वामी
सहजानंद सरस्वती, स्वामी : (१८८९–जून १९५०). भारतीय शेतकरी चळवळीचे एक आद्य संघटक, दंडी संन्यासी व हिंदी ग्रंथकार. मूळ नाव नवरंग राय. जन्म उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात देवा या गावी. शालेय शिक्षण अपुरे सोडून त्यांनी १९०७ मध्ये काशीत संन्यास घेतला व पुढे संस्कृत व्याकरण आणि दर्शने यांचे अध्ययन केले. आरंभी त्यांचे कार्य भूमिहार ब्राह्मणांना ब्राह्मण म्हणून मान्यता व पौरोहित्याचा अधिकार मिळवून देण्यापुरते होते. १९२० मध्ये महात्मा गांधींच्या भेटीनंतर ते असहकाराच्या चळवळीत पडले आणि त्यांना कारावास घडला.

पाटण्याजवळ बिहटा येथे त्यांनी १९२७ मध्ये आश्रम स्थापिला. तेथे येणाऱ्या कुळांच्या तक्रारींतून कायमधारा पद्धतीचे खरे स्वरूप त्यांना उमगले. वाढता खंड, बेगार आणि बेदखली यांनी कुळे गांजलेली होती. जमीनदारांपैकी कित्येक स्वामींच्याच जातीचे होते. १९२९ मध्ये सोनपूर येथे स्थापन झालेल्या बिहार प्रांतिक किसान सभेचे ते अध्यक्ष झाले. जमीनदार व कूळ यांत सलोखा घडवावा, हाच त्यांचा प्रथम हेतू होता. तथापि जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले, खंड मात्र उतरला नाही. १९३४ च्या भूकंपानंतरही वसुली चालूच राहिली. या अनुभवाने ते गांधीवादी मार्गापासून दुरावले आणि १९३५ मध्ये सभेने जमीनदारी-निर्मूलनाचे ध्येय स्वीकारले.

एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे भरलेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. दुसरे अधिवेशन त्याच वर्षी डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे, काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी, एन्. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली झाले. खंड थकल्यामुळे जमीनदारांनी ताब्यात घेतलेल्या ‘बकाश्त’ जमिनी कुळांना परत मिळाव्यात, यासाठी १९३६–३९ या काळात बिहारमध्ये तीव्र लढे झाले. १९४० मध्ये रामगढ येथील तडजोडविरोधी परिषदेत ते सुभाषचंद्र बोस यांच्यासह सहभागी झाले. त्यानंतरच्या कारावासात त्यांनी मेरा जीवन-संघर्ष हे आत्मचरित्र, शेतमजुरांविषयीचे खेत मजदूर व गीता आणि मार्क्सवाद यांत विरोध नाही असे प्रतिपादणारे गीता हृदय हे ग्रंथ लिहिले.

भगवी वस्त्रे व दंड त्यांनी अखेरपर्यंत टाकले नाहीत. संन्याशाविषयीच्या आदरामुळे खेड्यातील माणूस त्यांचे ऐकून घेई. परंतु तो आदर त्यांनी दैववाद दृढ करण्यासाठी न वापरता, दारिद्र्य हे पूर्वकर्माचे फळ नसून मनुष्यनिर्मित व्यवस्थेचा परिणाम आहे, हे पटविण्यासाठी वापरला. मुझफ्फरपूर येथे त्यांचे निधन झाले. बिहार जमीनसुधारणा अधिनियम त्याच वर्षी संमत झाला. जमीनदारी गेली, तरी कूळहक्क नसलेल्या भूमिहीनांच्या पदरी त्यातून फारसे पडले नाही. त्यांनी उत्तरायुष्यात मांडलेला शेतमजुरांचा प्रश्न अशा रीतीने अनिर्णितच राहिला.