चेंबरचा चुंबकी नट : इंजिनाची खबर देणारी छोटी वस्तू

वसई, नालासोपारा, विरार भागातील आपल्या अनेक व्यापारी व कारीगर बांधवांची रोजी एखाद्या टेम्पोवर, रिक्षावर किंवा जनरेटरवर अवलंबून असते. इंजिन बसले की धंदाही बसतो. आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिन हा आमचा विषय नव्हे. पण नुकसान सोसून जे शिकलो, ते बांधवांपुढे ठेवत आहोत.

2019 च्या रमजानमध्ये, ईद आठवड्यावर आली असताना, भिवंडीहून माल घेऊन येणारा आमचा टेम्पो चिंचोटी रस्त्यावर कामणच्या अलीकडे बंद पडला. इंजिन जाम! ड्रायव्हरने दोन महिने आधीच सांगितले होते, "शेठ, इंजिन टिकटिक करतंय." आम्ही "ईदनंतर बघू" म्हणून टाळले होते. तरीही दोष त्याच्याच माथी मारला आणि त्याचा पगार रोखून धरला. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने चेंबर खोलले, तर तळाशी लोखंडाच्या चकचकीत कपच्यांचा थर होता. मिस्त्री म्हणाला, "शेठ, हे एका दिवसाचं काम नाही. कॅम आणि टॅपेट कित्येक महिने घासत होते. तोच चुरा बेअरिंगमध्ये गेला. नटाला चुंबक असता तर मागच्या वेळी ऑइल बदलतानाच कळलं असतं." त्याच दिवशी आम्ही ड्रायव्हरचा पगार दिला व त्याची माफी मागितली.

हा नट काय करतो?

जुने ऑइल काढण्यासाठी चेंबरच्या तळाशी जो नट असतो, त्याच्याच टोकाला चुंबक बसवलेला असतो. ऑइल फिरताना लोखंडाचे कण त्याला चिकटून राहतात. ऑइल फिल्टर असताना याची गरज काय, असे कोणी विचारील. साधारण 20-30 मायक्रॉनपेक्षा बारीक कण बऱ्याच प्रमाणात फिल्टरमधून निसटतात. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. शिवाय फिल्टर तुंबला की ऑइल न गाळताच पुढे जाते. अनेक गाड्यांच्या गिअरबॉक्सला असा नट कारखान्यातूनच येतो. काही विमानांच्या इंजिनात तर चुंबकाला पुरेसे कण चिकटले की वैमानिकासमोर दिवा लागतो.

चुरा कसा वाचावा?

ऑइल बदलताना नट पांढऱ्या कपड्यावर पुसावा. कपडा जुन्या धुतलेल्या मलमलीचा घ्यावा. सूत सुटणारी चिंधी नको, नाहीतर धागे चेंबरमध्ये जातील. बोटांत चोळल्यावर मऊ लागणारा काळा-करडा लेप थोडा असेल तर काळजी नाही, ती रोजची झीज आहे. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनात तो सुरुवातीला जास्त निघतो. पण बोटाला टोचणाऱ्या, उन्हात चमकणाऱ्या कपच्या दिसल्या, किंवा लेप दर खेपेस वाढत गेला, तर गाडी लगेच मिस्त्रीला दाखवावी. प्रत्येक वेळी तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवावे, म्हणजे फरक कळतो.

काय कळत नाही?

चुंबक फक्त लोखंड व पोलाद पकडतो. पिस्टनचे ॲल्युमिनियम, बेअरिंगचे तांबे-शिसे त्याला चिकटत नाही. म्हणून निघालेले ऑइल स्वच्छ भांड्यात घेऊन पाहावे. पिवळसर किंवा पांढरी चमक दिसली तर तीही धोक्याची खूण आहे. खदानीची व रस्त्याची धूळही चुंबकाला लागत नाही, तिला एअर फिल्टरच अडवतो. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तशा पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी शिरल्याचेही चुंबक सांगणार नाही. ऑइल दुधाळ दिसले तर इंजिन चालू करू नये. आणि चुंबक लावला म्हणून ऑइल बदलण्याची मुदत वाढवू नये.

घेताना काय पाहावे?

जुना नट सोबत न्यावा. माप व आटे, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील चुडी, तंतोतंत जुळले पाहिजेत. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे चुकीच्या नटाने किंवा जास्त आवळल्याने लगेच जातात. वायसर दर वेळी नवा टाकावा. चुंबक नुसता चिकटवलेला नसावा, नटात पक्का बसवलेला असावा. इंजिनाचे ऑइल 100 अंशांच्या आसपास तापते आणि साध्या निओडिमियम चुंबकाची ताकद 80 अंशांपुढे घटू लागते. म्हणून जास्त उष्णता सोसणारा चुंबक आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे या नटाची किंमत काहीच नाही. पण चुंबक दिसतो तो ऑइल बदलतानाच. इंजिनाचा आवाज ड्रायव्हर रोज ऐकतो. तो काही सांगू लागला तर त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे न्यावी.