संगणकाच्या किल्ल्या कुणाकडे?



मोरा बंदरावरून आम्ही बोलतोय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करताना आम्हाला एक गोष्ट जागोजागी दिसते. गटाचा जमाखर्च वहीतून संगणकात गेला, पण वहीला जी शिस्त होती ती मागेच राहिली. संघाच्या कार्यालयात दोन-तीन संगणक तारेने जोडलेले असतात. सगळ्यांवर एकच नाव, एकच पासवर्ड, आणि त्याची चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटवलेली! आलं-गेलं कुणीही बसतं. कुणाचा मुलगा येऊन गेमही टाकून जातो.

समजा, एका ताईच्या कर्जाचा आकडा बदललेला निघाला. कुणी बदलला? संगणकावर तर एकच नाव, आणि त्या नावाने पाचजणी बसतात. मग बोट जातं ते सगळ्यात नव्या, सगळ्यात गरीब बाईकडे. तिने काही केलेलं नसलं तरी तिला ते दाखवून देता येत नाही. पैशाचं नुकसान भरून निघतं, पण गेलेला विश्वास परत आणणं अवघड. म्हणून आजचा विषय: संगणकावर कुणाला काय करता यावं, म्हणजेच परवानग्या.

कोळीवाड्यातल्या बायकांना हे सांगायला होडीचं उदाहरण पुरतं. होडीवर खलाशी सगळेच राबतात, पण सुकाणू तांडेलाच्या हाती असतं. संगणकावरही खात्यांचे असे दोन प्रकार असतात. एक ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे तांडेल. त्याला नवीन प्रोग्रॅम टाकता येतो, दुसऱ्याचं खातं उघडता-बंद करता येतं, दुसऱ्याचा पासवर्ड बदलता येतो. दुसरा ‘स्टँडर्ड’, म्हणजे साधा वापरकर्ता. त्याला टायपिंग, हिशेब, छपाई, इंटरनेट हे रोजचं सगळं काम करता येतं. पण संगणकाची मूळ मांडणी त्याला हलवता येत नाही. विंडोजमध्ये साध्या खात्यातून संगणकाची तारीखसुद्धा बदलता येत नाही. मागच्या तारखेची नोंद घालायचा एक मार्ग तिथेच बंद होतो.

आता ‘लोकल’ म्हणजे काय? प्रत्येक संगणकाची आपली स्वतःची वापरकर्त्यांची यादी असते. एका संगणकावर खातं काढलं म्हणून ते दुसऱ्यावर आपोआप होत नाही. मोठ्या ऑफिसात मधोमध एक सर्व्हर असतो आणि सगळ्यांची नावं तिथे असतात. तरीही एखादी व्यक्ती तिथे साधी वापरकर्ती असून एकाच संगणकाची ॲडमिनिस्ट्रेटर असू शकते. जिथला अधिकार तिथपुरताच. आपल्यासारख्या छोट्या कार्यालयात सर्व्हर नसतो, म्हणून प्रत्येक संगणकाची यादी आपणच तपासायची.

“आमच्या छोट्या ऑफिसला कोण लुटायला येतंय?” असं पुष्कळजणी विचारतात. मग आपल्याच उरण तालुक्यातलं ऐका. २७ जून २०१७ रोजी जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची चढउतार अडली. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाचं. व्हायरस मुद्दाम आपल्या बंदरावर सोडलेला नव्हता. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि कंपनीच्या जाळ्यातून जगभर पसरला. ‘नॉटपेट्या’ त्याचं नाव.

तो पसरला कसा, हे आपल्या कामाचं आहे. त्याच्याकडे दोन वाटा होत्या. ज्या संगणकांवर विंडोजचं मार्च २०१७ मधलं अपडेट टाकलेलं नव्हतं, तिथे तो थेट शिरला. दुसरी वाट पासवर्डची. ज्या संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार हाती लागला, तिथल्या मेमरीतून त्याने पासवर्ड चोरले आणि तेच वापरून पुढच्या संगणकाचं दार उघडलं. एक किल्ली सगळ्या कुलपांना लागत असेल, तर चोराला एकच घर फोडावं लागतं. मर्स्कला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. अपडेट झालेले संगणकही या दुसऱ्या वाटेने सापडले, हे लक्षात ठेवा.

मग आपण काय करायचं? पुढच्या मासिक बैठकीत एवढं ठरवून घ्या.

पहिलं, प्रत्येक संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचं एक वेगळं खातं ठेवा. ते फक्त प्रोग्रॅम टाकायला किंवा दुरुस्तीला उघडायचं. अध्यक्ष असोत की सचिव, रोजचं काम सगळ्यांनी साध्या खात्यातूनच करायचं.

दुसरं, या खात्याचा पासवर्ड प्रत्येक संगणकावर वेगळा ठेवा. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून, त्यावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या आणि कपाटात ठेवा. बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात ना, तसंच हे.

तिसरं, काम करणाऱ्या प्रत्येकीला तिचं स्वतःचं साधं खातं आणि तिचाच पासवर्ड द्या. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘अदर यूजर्स’ या ठिकाणी हे करता येतं. तिथेच खात्याचा प्रकारही दिसतो.

चौथं, सामाईक फोल्डरची परवानगी ठरवा. हिशेबात लिहायची मुभा दोघींना, बाकीच्यांना फक्त वाचायची. फोल्डरला दोन कुलपं असतात: एक नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी, एक खुद्द फोल्डरचं. नेटवर्कवरून आलेल्याला दोन्ही लागू होतात आणि जे जास्त घट्ट तेच चालतं. म्हणून “परवानगी दिली, तरी फाइल उघडत नाही” असं झालं, तर दुसरं कुलूप बघा.

पाचवं, कुणी काम सोडलं की त्याच दिवशी तिचं खातं बंद करा. खातं बंद केल्याने फायली जात नाहीत.

सहावं, अपडेट आलं की टाळू नका. आणि हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून डिस्क वेगळी ठेवा. संगणकाला जोडून ठेवलेली डिस्क व्हायरस आला की त्याच्याबरोबरच बुडते.

काम करताना संगणक मध्येच ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागेल. तेव्हा चिडू नका, थांबा. “मी काही टाकायला सांगितलं होतं का?” असं स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘नो’ दाबा आणि दुसरीला बोलवा.

यात कुणाला कमी लेखायचं नाही. मुभा कमी असली की जबाबदारीही तेवढीच राहते. लिहायची मुभा दोघींना असेल, तर चुकलेल्या आकड्याबद्दल दोघींनाच विचारलं जाईल, आणि बाकीच्या बायका ताठ मानेने बैठकीत बसतील.

आपल्या कार्यालयातली स्क्रीनवरची चिठ्ठी आधी काढा, बाकीचं बैठकीत ठरवा. अडलं तर पुढच्या कार्यक्रमात प्रश्न पाठवा, आपण मिळून सोडवू. नमस्कार!