पंचायतीचा हिशेब कसा मागाल?

‘रस्त्यावर खर्च किती झाला?’ असा मोघम प्रश्न विचारू नका. एक आकडा हाती येतो आणि विषय तिथेच संपतो. कागद नावानिशी मागा: अमुक कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने, ठेकेदाराची देयके, प्रमाणके, रोकडवहीतील नोंदी. खरी गोष्ट मोजमाप पुस्तिकेत असते. तिच्यातली लांबी-रुंदी घेऊन टेपने रस्ता स्वतः मोजता येतो.

महाराष्ट्रात माहिती अधिकार कायद्याखालील अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तोही लागत नाही. विषय एकच ठेवा, मजकूर १५० शब्दांत बसवा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही (कलम ६(२)). प्रतींचा खर्च परवडत नसेल तर आधी अभिलेख पाहण्याची मागणी करा. पहिला तास मोफत असतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते, ही तरतूद (कलम ७(६)) फार थोडे अर्जदार वापरतात. पहिले अपील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत, दुसरे राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.