रेण्वीय प्रारूपणातील विदा साठवण

रेण्वीय प्रारूपण करणाऱ्या आज्ञावल्या रेणूंच्या रचना, गणनेतील मधले आकडे आणि अंतिम फलिते अशी तीन प्रकारची विदा हाताळतात. ही विदा वापरकर्त्याच्या संगणकावर (स्थानिक साठा) किंवा अनेकांना उपलब्ध असलेल्या जागेत (सामायिक साठा) ठेवली जाते.

गणनेतील विदा

रेण्वीय गतिकीच्या सिम्युलेशनमध्ये विदेचा आकार फार लवकर वाढतो. १ लाख अणूंच्या प्रणालीत प्रत्येक अणूचे तीन सहनिर्देशक प्रत्येकी ४ बाइटमध्ये लिहिले, तर एका चौकटीस १२ लाख बाइट लागतात. अशा १०,००० चौकटींची फाइल सुमारे १२ गिगाबाइटची होते. म्हणून ग्रोमॅक्स या आज्ञावलीत केवळ स्थाने संकुचित रूपात ठेवणारा एक्सटीसी आणि वेग व बलेही पूर्ण अचूकतेने ठेवू शकणारा टीआरआर असे दोन फाइलप्रकार आहेत. एक्सटीसीमधील नेहमीची अचूकता ०.००१ नॅनोमीटर असते. बहुतेक विश्लेषणांस ती पुरते.

पुंजरसायनाची अडचण वेगळी आहे. गॉसियनसारखी आज्ञावली गणना चालू असताना तात्पुरत्या फाइलींत सतत लेखन-वाचन करते. या फाइली जाळ्यावरील सामायिक तबकडीवर ठेवल्यास गणना मंदावते व इतरांच्या कामातही अडथळा येतो. त्यामुळे त्या गणकाच्या स्थानिक तबकडीवर ठेवणे इष्ट मानले जाते. तपासबिंदू फाइलीस मात्र स्वतंत्र नाव द्यावे लागते, अन्यथा गणना यशस्वीपणे संपताच तीही पुसली जाते.

सामायिक भांडार व स्थानिक प्रती

प्रोटीन डेटा बँक हे या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे सामायिक भांडार होय. अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७१ मध्ये ते स्थापन झाले, तेव्हा त्यात ७ रचना होत्या; आता २ लाखांहून अधिक आहेत. त्याच्या जुन्या फाइलप्रकारात अणुक्रमांकास पाचच रकाने असल्याने ९९,९९९ पेक्षा जास्त अणू मावत नसत आणि रायबोसोमसारख्या रचना तुकड्यांत विभागाव्या लागत. २०१४ मध्ये एमएमसीआयएफ हा प्रकार प्रमाण ठरल्यावर हे तुकडे एकत्र केले गेले.

कायमेराएक्स ही आज्ञावली भांडारातून आणलेली फाइल संगणकावर जपून ठेवते व पुढच्या वेळी तीच उघडते. याने वेळ वाचतो, परंतु मूळ नोंदीत झालेली सुधारणा वापरकर्त्यास कळत नाही. हा धोका काल्पनिक नाही. एमएसबीए या प्रथिनाची २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली १जेएसक्यू ही रचना २००६ मध्ये मागे घेण्यात आली. विदेवर प्रक्रिया करणाऱ्या आज्ञावलीत दोन स्तंभांची अदलाबदल झाल्याने ती चुकली होती. भांडारात अशा नोंदी कालबाह्य म्हणून वेगळ्या ठेवल्या जातात, तथापि पूर्वी उतरवून घेतलेल्या प्रतीवर तसा कोणताही शिक्का उमटत नाही. आरसिंकने संपूर्ण भांडाराची प्रत राखणाऱ्या संस्थांतही, मुळातून हटवलेल्या फाइली पुसण्याचा पर्याय दिला नसल्यास जुनी रचना चालू रचनांच्या शेजारीच राहते.