आजीचा घास अडतो तेव्हा

"आत्याबाईंना आता जेवणच नको झालंय, सिस्टर. दोन वेळा चहा आणि बटर, बस. वय झालं ना त्यांचं."

वस्तीत घरभेटी करताना हे वाक्य मी कितीतरी उंबऱ्यांवर ऐकलं आहे. एका घरात मात्र मी तशीच निघून आले नाही. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत थांबले. पोरं उठली, भांडी गोळा झाली, तेव्हा आजी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या. बटर चहात बुडवला, तोंडात टाकला, मान मागे टाकून गिळला. लगेच ठसका. डोळ्यांतून पाणी. पदराने तोंड पुसून पुन्हा दुसरा तुकडा.

"आजी, भाकरी का नाही खात?" मी विचारलं.

त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं. "इथं अडती बाई. आन् चारचौघांत ठसका लागला की लेकरं घाबरत्यात. म्हणून मागून खाते."

आजींना जेवण नको नव्हतं, त्यांना जेवणाची भीती वाटत होती. घरातली बाई सगळ्यांत शेवटी, एकटी जेवते. त्यामुळे ती कशी जेवते हे कुणी पाहिलेलंच नसतं. आठ महिने ही बाई चहा-बटरवर होती. तेवढ्या काळात तिच्या रक्तातलं लोह, हाडांतलं कॅल्शियम आणि अंगातली ताकद किती उतरली असेल, याचा घरात कुणी विचारच केला नव्हता. वय झालं म्हटलं की पुढचा विचार थांबतो. म्हणून आज या पानावर गिळण्याच्या त्रासाबद्दल बोलू या.

घास चुकीच्या वाटेला जातो

गळ्यात दोन नळ्या शेजारी शेजारी आहेत. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. घास गिळताना श्वासनळीवर झाकण पडतं, क्षणभर श्वास थांबतो आणि घास मागच्या नळीत उतरतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत व्हावं लागतं. वयाबरोबर जिभेचे आणि गळ्याचे स्नायू बारीक होतात, दात पडतात, लाळ कमी होते आणि ही वेळ चुकायला लागते. लकवा, कंपवात किंवा विसरभोळेपणाचा आजार असेल तर फार चुकते. झोपेच्या आणि इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्यानेही त्रास वाढतो.

अन्न किंवा पाणी श्वासनळीत शिरलं की ठसका लागतो. ठसका ही शरीराची राखण आहे. पण काही म्हाताऱ्या माणसांचा ठसकाच मेलेला असतो. अन्न फुफ्फुसात जातं आणि आवाजही होत नाही. मग वारंवार बारीक ताप, छातीत घरघर, कफ आणि शेवटी न्यूमोनिया. घरचे म्हणतात, थंडी बाधली. म्हणून ठसक्याशिवायच्या खुणाही ओळखा: जेवल्यावर आवाज ओलसर, गुळण्या केल्यासारखा येणं, गालात घास साठून राहणं, एका जेवणाला तासभर लागणं, पाणी प्यायचं टाळणं, कपडे सैल होत जाणं.

पातळ खाणं आणि रिकामं ताट

भाकरी अडते म्हणून माणूस चहा, बिस्किट, पेज, भाताचं पाणी यांवर येतो. पोट भरल्यासारखं वाटतं, पण शरीराला रोज लागणारी खनिजं त्यात जवळजवळ नसतात. आणि ती कमी झाली की गिळणं आणखी बिघडतं. असं हे चक्र फिरत राहतं.

लोह. रक्त कमी झालं की धाप आणि थकवा येतो हे आपल्याला माहीत आहे. पण लोहाच्या कमतरतेने जीभ गुळगुळीत होऊन झोंबते, तोंडाचे कोपरे चिरतात आणि काही जणांच्या अन्ननळीच्या वरच्या भागात पातळ पडदे तयार होतात. त्यात घास अडतो. 1919 साली ब्रिटनमधल्या पॅटर्सन आणि ब्राउन केली या घसातज्ज्ञांनी हा आजार वेगवेगळा नोंदवला. तो बायकांत जास्त दिसतो. लोहाच्या गोळ्यांनी पुष्कळांना आराम पडतो, काहींची नळी दुर्बिणीतून रुंद करावी लागते. पण दुर्लक्ष झालं तर पुढे घशाच्या कर्करोगाचा धोका असतो, म्हणून तपासणी चुकवू नये.

कॅल्शियम. प्रौढ माणसाला रोज सुमारे 1000 मिलीग्रॅम लागतं. चहातल्या दोन घोट दुधाने ते कधीच भरत नाही. मग बाथरूममध्ये पाय घसरल्याचं निमित्त होतं आणि खुबा मोडतो.

जस्त. हे कमी पडलं की जिभेची चव जाते, भूक मरते, जखमा लवकर भरत नाहीत. "कशालाच चव नाही" ही तक्रार दरवेळी नखऱ्याची नसते.

पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. स्नायूंचं काम यांच्यावर चालतं. जुलाब लागले, किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली, की ही घटतात आणि अंगातलं बळ जातं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 57 टक्के बायकांत रक्तक्षय सापडला. पण हा आकडा 15 ते 49 वयाच्या बायकांचा आहे. 2018 साली सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या सहा गटांत लहान मुलं, किशोरवयीन, बाळंतपणाच्या वयातल्या बायका, गरोदर आणि स्तनदा माता आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं रक्त त्या पाहणीत मोजलं गेलं नाही आणि त्या यादीतही ती नाही. म्हणून तिची तपासणी आपण मागून घ्यायची. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या आणि पुरुषाचं 13 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. या वयात रक्त कमी झालं तर नुसतं टॉनिक आणून भागत नाही. जठरातली जखम, मूळव्याध, आतड्याची गाठ यांतून रक्त जातं आहे का, हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

मऊ पण दमदार

गिळायचा त्रास असलेल्यांना बऱ्याचदा घट्ट अन्नापेक्षा साधं पाणीच जास्त धोक्याचं ठरतं. ते वेगाने घसरतं, झाकण पडायच्या आत खाली जातं. आपल्या जुन्या स्वयंपाकात यावर चांगल्या वाटा आहेत.

नाचणीची अंबील घ्या. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पीठ रात्री ताकात भिजवून आंबवलं की त्यातली खनिजं शरीराला जास्त मिळतात. गाळून, गुठळी न ठेवता, चमच्याने खाण्याइतकी दाट करा. पिठलं असंच, गुठळी नको आणि कोरडं नको. डाळ मऊ शिजवून रवीने घोटा, त्यात शेवग्याचा पाला किंवा राजगिऱ्याची भाजी बारीक वाटून घाला. मटकीला मोड आणून शिजवा आणि वाटा. भाजलेले तीळ अगदी पीठ होईपर्यंत कुटून वरणात मिसळा. उकडलेलं अंडं दह्यात कुस्करा. कलेजी स्वस्तात मिळते आणि तिच्यातलं लोह अंगी चांगलं लागतं. मऊ शिजवून पाट्यावर वाटा आणि रस्स्यात एकजीव करा. जवळा असेल तर भाजून, वाटून, चाळून घ्या.

बरोबर झालं का हे चमच्याने पाहा. भरलेला चमचा तिरका केला की घास एकदम सुटून पडावा. पाण्यासारखा वाहिला तर पातळ, चमच्याला चिकटून राहिला तर जास्त घट्ट.

चिवडा, फुटाणे, अख्खे शेंगदाणे, कोरडी शिळी भाकरी, चिकट साबुदाणा टाळा. पातळ रस्सा आणि त्यात तरंगते तुकडे हेही अवघड जातं, कारण पाणी पुढे जातं आणि तुकडा मागे राहतो. भाकरी कुस्करायची तर पूर्ण मुरू द्या. चहा जेवणासोबत नको, त्याने लोह अंगी लागत नाही. तासभर आधी किंवा नंतर घ्या. वरणात लिंबू पिळलं तर लोह जास्त मिळतं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी, शहाळं आणि कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. मधुमेह असेल तर अंबिलीत गूळ नको. आणि पाणी धोक्याचं म्हणून बंद करू नका. किती दाट द्यायचं ते तपासणीनंतर ठरवून घ्या. पाणी कमी पडलं तर आजारी माणूस झपाट्याने खालावतो.

भरवताना

ताठ बसवा, पाठीला उशी द्या, पाय टेकलेले असू द्या. हनुवटी किंचित खाली असू द्या, मान मागे टाकून काहीही पाजू नका. लहान चमचा, थोडा घास, आणि पहिला गिळल्यावरच दुसरा. बोलत, हसत, टीव्ही पाहत भरवणं नको. गुंगीत असलेल्या किंवा आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात प्रेमापोटीसुद्धा पाणी ओतू नका. जेवल्यावर अर्धा तास बसून राहू द्या. दोन वेळा तोंड साफ करा, कवळी काढून धुवा. तोंडातले जंतू फुफ्फुसात जातात, म्हणून तोंड स्वच्छ असलं की न्यूमोनिया कमी होतो. मिश्री आणि तंबाखू सुटलीच पाहिजे.

गोळी गिळवत नाही म्हणून सरसकट कुटू नका. काही गोळ्या दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेल्या असतात, कुटल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं. लोहाची आणि हाडांची काही औषधं नळीत अडकली तर जखम करतात. पातळ औषध मिळेल का ते विचारा. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी देऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

माणूस गुदमरला, बोलता येईना, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा मारा, तेवढ्यात कुणाला तरी 108 लावायला सांगा.

कधी थांबायचं नाही

घट्ट घास अडतो आणि त्रास वाढतच चालला आहे, वजन उतरतंय, आवाज बसलाय, उलटीत किंवा शौचात रक्त आहे, शौच काळं होतंय (लोहाच्या गोळीनेही होतं, तरी विचारा), तर आठवडाभरही थांबू नका. अचानक तोंड वाकडं होऊन गिळता येईना तर तो लकवा असू शकतो, तासांचा हिशेब असतो, लगेच न्या. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांच्या ओपीडीची चौकशी करा. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम वाचातज्ज्ञ शिकवतात, हे डॉक्टरांकडून मागून घ्या. माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला 2024 पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्डावर दाखल होऊन उपचार घेता येतात. आजीचं कार्ड आधी काढून ठेवा, दवाखान्याच्या दारात धावपळ नको.

त्या आजींचं हिमोग्लोबिन सातच्या घरात निघालं. दुर्बिणीची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. सुनेला अंबील दाट करायला आणि बसवून भरवायला शिकवलं. काही आठवड्यांनी गेले तेव्हा आजी सगळ्यांच्या पंगतीत होत्या. नातू चमचा तिरका करून दाखवत होता, "आजी, हा पडला बघ, खा आता!"

आज रात्री आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं ताट आपल्या ताटाशेजारी मांडा. शेवटचा घास उतरेपर्यंत त्यांच्याजवळ बसा. आजार अनेकदा तिथेच दिसतो.