फरक आम्ही परत करू

२०११ साली ब्रिटनमधल्या ‘आस्डा’ या सुपरमार्केटने आपल्या गिऱ्हाइकांना एक वचन दिलं. तुमचा बाजार आमच्याकडे टेस्को, सेन्सबरीज, मॉरिसन्स या दुसऱ्या सुपरमार्केटांपेक्षा १० टक्क्यांनी स्वस्त पडला नाही, तर उरलेला फरक आम्ही परत करू. गिऱ्हाइकाने घरी यायचं, सामान लावून झालं की बिलावरची माहिती आस्डाच्या संकेतस्थळावर भरायची. मग पलीकडचा संगणक त्या बिलातली तुलना करण्याजोगी एकेक वस्तू उचलायचा. दूध, पाव, चहा, साबण बाकीच्या दुकानांत कितीला आहे ते ताडून पाहायचा आणि फरक निघाला तर कूपन द्यायचा. पुढच्या खेपेला ते कूपन बिलातून वजा होई.

दुकानदार स्वतःच सांगतोय, शेजारच्या दुकानात काय भाव आहे ते बघा, आणि मी महाग निघालो तर माझ्याकडून पैसे घेऊन जा! मला या गोष्टीचं नवल आजही वाटतं. एरवीच्या व्यापारात गिऱ्हाइकाने दुसरीकडचा भाव बघू नये यासाठीच दुकानदाराची धडपड असे. भाजीबाजारात आपण ‘पलीकडे चाळीसला देतोय की’ म्हणतो, तेव्हा भाजीवाल्या मावशी एक तर पाच रुपये सोडतात, नाही तर ‘मग तिकडूनच घ्या’ म्हणून कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागतात. इथे तीच घासाघीस लेखी झालेली आहे, तीही कोट्यवधी लोकांशी एकाच वेळी.

असं वचन काही एकट्या आस्डाचं नव्हतं. ‘जॉन लुईस’ या ब्रिटिश दुकानाने १९२५ पासून, आमच्यापेक्षा स्वस्त कोणी विकत असल्याचं कळूनही आम्ही महाग विकणार नाही, असं ब्रीद मिरवलं. २०२२ मध्ये ते सोडलं आणि २०२४ मध्ये पुन्हा आणलं. किराण्यात सेन्सबरीजने २०११ मध्ये ‘ब्रँड मॅच’ सुरू केलं, टेस्कोने २०१३ मध्ये ‘प्राइस प्रॉमिस’ आणलं. त्यात तर घरी जाऊन काही भरायलाही नको, काउंटरवर बिलाबरोबरच कूपन छापून हातात पडायचं. अमेरिकेत वॉलमार्टने २०१४ मध्ये देशभर असं ॲप दिलं की बिल मोबाइलने टिपलं की आसपासच्या दुकानांच्या जाहिराती तेच धुंडाळायचं आणि फरक गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा करायचं.

ही दुकानं इतकी उदार कशी झाली? १९८६ साली स्टीव्हन सॅलप या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने या प्रश्नाचं जे उत्तर मांडलं, ते वाचून माणूस जागीच खिळतो. त्याचं म्हणणं असं की हे वचन ऐकणारे दोघे असतात. एक गिऱ्हाईक, आणि दुसरा समोरचा दुकानदार. आणि वचनाचा खरा परिणाम त्या दुसऱ्यावर होतो.

समजा एका रस्त्यावर दोन दुकानं आहेत आणि तेलाची बाटली दोन्हीकडे शंभरला आहे. दुसऱ्या दुकानाने एका सकाळी भाव नव्वदवर आणला. एरवी पहिल्या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं दुपारपर्यंत तिकडे वळली असती, आणि त्या गर्दीच्या आशेनेच तर त्याने भाव पाडला. पण पहिल्या दुकानाच्या दारावर पाटी आहे : ‘दुसरीकडे स्वस्त दिसलं तर तोच भाव इथे.’ मग गिऱ्हाईक रस्ता ओलांडेल कशाला? ते आपल्या नेहमीच्या दुकानातच नव्वदला बाटली घेईल. भाव पाडणाऱ्याला नवं गिऱ्हाईक एकही मिळालं नाही आणि स्वतःच्या जुन्या गिऱ्हाइकांमागे दहा-दहा रुपये मात्र गेले. पुढच्या वेळी तो भाव पाडेल का? म्हणजे पाटी लावली गिऱ्हाइकासाठी, पण हात बांधले गेले प्रतिस्पर्ध्याचे. दोघे कधी भेटले नाहीत, बोलले नाहीत, कसला करार केला नाही, तरी शंभरचा भाव शंभरवर टिकला. शिवाय समोरच्याने गुपचूप भाव पाडला तर ती बातमी आणणार कोण? जाहिरात हातात घेऊन आलेलं गिऱ्हाईकच! भावाची पाळत ठेवायचं काम दुकानाला फुकटात करून मिळतं.

ही नुसती कागदावरची कसरत असेल असं वाटू शकतं. पण जेम्स हेस आणि एटन गर्स्टनर या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले शहराच्या सुपरमार्केटांचे भाव तपासले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. भाव जुळवून देण्याची योजना आल्यावर दुकानादुकानांतले फरक मिटत गेले आणि त्याबरोबर भाव चढण्याकडे कल दिसला.

मात्र म्हणून प्रत्येक पाटीवर संशय घ्यावा असं मी म्हणणार नाही. टोरंटो विद्यापीठातले श्रीधर मूर्ती आणि त्यांचे सहकारी राल्फ विंटर यांनी २००६ मध्ये कॅनडाच्या दुकानांचा अभ्यास करून दुसरी बाजू दाखवली. ज्या दुकानाचा खर्च खरोखर कमी आहे, त्याला हे वचन देणं सोपं जातं, कारण त्याच्यावर फरक देण्याची वेळ क्वचित येते. महाग दुकानाने तीच पाटी लावली तर रोज खिशातून पैसे काढावे लागतील. म्हणजे काही ठिकाणी पाटी ही स्वस्ताईची खरी खूण असते. एखाद्या भागातल्या मोजक्या बड्या दुकानांवर सगळीकडेच ती दिसत असेल तर सॅलपची आठवण ठेवावी, आणि कमी खर्चात चालणाऱ्या एखाद्याच दुकानावर दिसत असेल तर विश्वास टाकावा, हे माझं मत.

या योजनांचा मला सर्वांत मोहून टाकणारा भाग वेगळाच आहे. भाव जुळवायचा तर वस्तू ‘तीच’ हवी. पण तीच म्हणजे काय? ठरावीक कंपनीच्या बिस्किटाचा ठरावीक पुडा असेल तर वाद नाही. टेस्कोच्या योजनेत मात्र दुकानाचा स्वतःच्या नावाचा मालही तुलनेत धरला होता. सेन्सबरीजने तक्रार केली. त्यांचं म्हणणं, आमच्या स्वस्तातल्या बाटलीतलं पाणी झऱ्याचं आहे, टेस्कोच्या स्वस्तातल्या बाटलीत नळाचंच पाणी गाळून भरलेलं आहे; आमचा चहा ‘फेअरट्रेड’ आहे, म्हणजे मळेकऱ्यांना रास्त मोबदला देऊन घेतलेला, त्यांचा नाही. मग दोन्हींची किंमत शेजारी शेजारी मांडून ‘बरोबरी झाली’ कसं म्हणता? प्रकरण जाहिरात नियामकाकडे गेलं, त्याने टेस्कोच्या बाजूने कौल दिला. सेन्सबरीज उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये तिथेही हरलं. कायद्याची कसोटी अशी की दोन्ही वस्तू एकच गरज भागवत असतील तर तुलना चालते. तहान दोन्ही पाण्यांनी भागते. पण झरा आणि नळ एकच का, हा प्रश्न न्यायालयाबाहेर प्रत्येकाने आपल्यापुरता सोडवायचा उरतो. किराण्याच्या बिलावरून वस्तूच्या ओळखीचा इतका मूलभूत प्रश्न न्यायासनापुढे उभा राहिला, याचं मला फार अप्रूप आहे.

गिऱ्हाइकंही स्वस्थ बसली नव्हती. ‘प्राइस प्रॉमिस’च्या आधी, २०११ मध्ये टेस्कोने फरकाच्या दुप्पट रक्कम द्यायचं जाहीर करताच चतुर लोकांनी उलटा हिशेब मांडला. आस्डापेक्षा टेस्कोत जे जे महाग, नेमकं तेवढंच गाडीत भरायचं! काही आठवड्यांतच टेस्कोला परताव्यावर २० पौंडांची मर्यादा घालावी लागली.

आणि मग हे सगळं मावळलं. सेन्सबरीजचं ‘ब्रँड मॅच’ २०१६ मध्ये बंद झालं, आस्डाची योजना आणि टेस्कोच्या योजनेची नवी आवृत्ती २०१८ मध्ये. कारण स्पर्धा भलत्याच दिशेने आली होती. बडी चार दुकानं एकमेकांच्या भावावर डोळा ठेवून बसली असताना जर्मनीची ‘आल्डी’ (ब्रिटनमध्ये १९९० पासून) आणि ‘लिडल’ (१९९४ पासून) वाढत राहिली. बड्या दुकानात हजारोंनी वस्तू, आल्डीत साधारण दोन हजार, त्याही बहुतेक स्वतःच्या नावाच्या. खोक्यातूनच माल उचलायचा, माणसं कमी, थाट नाही. नामांकित पुड्यांची तुलना करणाऱ्या वचनांच्या कक्षेत ही दुकानं येतच नव्हती. २०२२ मध्ये आल्डीने मॉरिसन्सला मागे टाकून चौथा क्रमांक घेतला.

आज टेस्को (मार्च २०२० पासून) आणि सेन्सबरीज (२०२१ पासून) यांच्या फळ्यांवरच्या पट्ट्यांवर चक्क प्रतिस्पर्ध्याचं नाव असतं : ‘आल्डी प्राइस मॅच’. आता कूपन नाही, विचारणं नाही, काही शे ठरावीक वस्तूंचा भाव आधीच आल्डीइतका लावलेला. गिऱ्हाइकाला हे सोयीचं आहे, फक्त इथेही ‘तीच वस्तू’चा प्रश्न पाठ सोडत नाही. २०२४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने पुडे उलटून घटक वाचले, तेव्हा टेस्कोच्या चिकन नगेटमध्ये ३९ टक्के चिकन निघालं आणि ज्याच्याशी भाव जुळवला होता त्या आल्डीच्या नगेटमध्ये ६० टक्के. भाव जुळला, चिकन जुळलं नाही.

काउंटरवर विचारून भाव कमी करून घेण्याची जुनी रीत मात्र कॅनडात अजून जिवंत आहे, आणि टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा भागातल्या मराठी घरांना ती चांगली ठाऊक आहे. त्यांच्या ओंटारिओ प्रांतात दुकानांची साप्ताहिक पत्रकं, ज्यांना सगळे फ्लायरच म्हणतात, गुरुवारी बदलतात. ‘फ्लिप’ या ॲपवर ती सगळी एकत्र दिसतात. आट्याची वीस पौंडी पिशवी किंवा बासमती या आठवड्यात कुठे उतरली आहे ते शोधायचं, आणि ‘नो फ्रिल्स’, ‘रिअल कॅनेडियन सुपरस्टोअर’ किंवा ‘फ्रेशको’च्या काउंटरवर ते पान दाखवायचं. कॅशियर तिथेच भाव बदलून देते. चार दुकानांच्या चकरा वाचतात, पेट्रोल वाचतं, बर्फातली पायपीट वाचते.

पण इथेही दुकानांची नाती बघण्यासारखी आहेत. नो फ्रिल्स आणि सुपरस्टोअर दोन्ही ‘लॉब्लॉ’ कंपनीची आहेत. त्याच कंपनीची जरा झकपक दुकानंही आहेत, तिथे मात्र भाव जुळवून मिळत नाही. फ्रेशको ‘सोबीज’वाल्यांचं. एकाच मालकाने एका दारात घासाघीस चालू ठेवली आणि दुसऱ्या दारात बंद, म्हणजे फ्लायर चाळणारी गिऱ्हाइकं आपणहून एका दारातून जातात आणि ज्यांना तेवढा वेळ नाही ती दुसऱ्या. वॉलमार्टने कॅनडातली ही सोय ऑक्टोबर २०२० मध्ये बंद केली. अमेरिकेतलं ते बिल टिपणारं ॲप तर २०१९ मध्येच गेलं होतं. कॅनडाच्या स्पर्धा आयोगाने २०२३ च्या अहवालात, देशाचा किराणा धंदा मोजक्या हातांत एकवटला आहे आणि किलोमागचा दर सगळीकडे सारख्या रीतीने दाखवायला हवा, असं स्पष्ट लिहिलं.

हा किलोमागचा दर मला सगळ्या वचनांहून मोलाचा वाटतो. भाव जुळवायला वस्तू ‘तीच’ लागते, त्यामुळे ९०० ग्रॅमचा पुडा आणि एक किलोचा पुडा यांची बरोबरी सहसा कोणी करून देत नाही. किलोमागचा दर मात्र कोणत्याही दोन पुड्यांना एका रांगेत उभं करतो. आपल्याकडे भारतात पाकिटावर एमआरपी असते आणि दुकानांची चढाओढ तिच्या खाली चालते. पण आता त्याच पाकिटावर ग्रॅममागचा किंवा किलोमागचा विक्रीदर छापणंही बंधनकारक आहे. अक्षरं बारीक असतात, तरी ती असतात.

तेव्हा ब्रिटनमध्ये, कॅनडात राहणाऱ्या वाचकांना सांगणं एवढंच. ब्रिटनमध्ये असाल तर ‘आल्डी प्राइस मॅच’ची पट्टी दिसली की पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. कॅनडात असाल तर दुकानाचे त्या महिन्याचे नियम बघून घ्या, कारण ते वारंवार बदलतात. कोणत्या दुकानांशी भाव जुळवतात, एका वेळी किती नग देतात, माल समोरच्या दुकानात शिल्लक असावा लागतो का, हे आधी कळलं की काउंटरवर वाद होत नाही. मागे रांग लांब असेल तर जुळवायच्या वस्तू पट्ट्यावर शेवटी, एकत्र ठेवा आणि फ्लायरचं पान उघडून तयार ठेवा. आणि विचारायला संकोचू नका. हा फरक मागणाऱ्यालाच मिळतो.